सहाची चोवीस: लंडनच्या हॅरोतल्या एका काकूंच्या पेन्शनचा हिशेब

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर काकूंनी वाण म्हणून स्टीलचा डबा दिला आणि डब्यात चार घड्या घातलेला एक कागद. "घरी जाऊन बघ, इथे नको," म्हणाल्या. जानेवारी २०२५ मधली गोष्ट. घरी येईपर्यंत धीर कुठला, बसमध्येच कागद उघडला. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावरून जावयाने काढून दिलेला स्टेट पेन्शनचा अंदाजपत्रक-कागद, ज्याला इथे सगळे फोरकास्ट म्हणतात. काकूंना ऑगस्टमध्ये ६६ पूर्ण होणार होती, म्हणजे पेन्शनचं वय सात महिन्यांवर आलेलं. कागदावर लिहिलं होतं की नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे पेन्शनसाठी भरायच्या सरकारी हप्त्यांच्या (थोडक्यात एनआयच्या) खात्यात त्यांची सहा वर्षं भरलेली आहेत आणि पेन्शन मिळायला किमान दहा लागतात. थोडक्यात, पेन्शन शून्य.

अठ्ठावीस वर्षं या देशात काढलेल्या बाईच्या नावावर सहा वर्षं. सगळ्यांसमोर कागद का उघडायचा नव्हता, ते तेव्हा कळलं.

मी पेन्शनची सल्लागार नाही. छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिते, टॅक्स रिटर्न भरते, आणि ओळखीतल्या वडीलधाऱ्यांचे फॉर्म फुकटात भरून देते, कारण नाही म्हणता येत नाही. काकूंचं प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, नियम आणि आकडे मात्र खरे आहेत.

आधी मोजमाप

ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून नवीन स्टेट पेन्शन सुरू झालं. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. २०२५-२६ चा पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड. ज्याचा हिशेब सगळा नव्या पद्धतीने होतो, त्याला दर वर्षामागे त्याचा पस्तिसावा हिस्सा मिळतो. म्हणजे एका वर्षाचे आठवड्याला ६.५८ पौंड, सालाचे ३४२. पण दहा वर्षांच्या खाली असलात तर एक पेनीही नाही. त्यामुळे नऊ वर्षंवाल्याला शून्य आणि दहावाल्याला आठवड्याला ६५.७९ पौंड, असा तो उंबरठा आहे.

इथलं 'वर्ष' म्हणजे टॅक्सचं वर्ष, ६ एप्रिल ते ५ एप्रिल. नोकरीत पगारातून एनआय कापला गेला की वर्ष भरतं. स्वतःचा धंदा असेल तर क्लास टू नावाचा हप्ता भरून भरतं. काही परिस्थितीत, म्हणजे मूल लहान असणं, आजारी माणसाची सेवा, बेकारी, अशा वेळी सरकार पैसे न घेता वर्ष मांडतं, त्याला क्रेडिट म्हणतात. आणि यातलं काहीच नसेल तर रिकाम्या वर्षाचे पैसे आपण होऊन भरता येतात. हा ऐच्छिक हप्ता म्हणजे क्लास थ्री. एरवी मागची सहाच वर्षं भरता येतात. नवीन पेन्शन आलं तेव्हा मात्र एक सवलत होती, थेट २००६ पर्यंतची रिकामी वर्षं भरायची. तिची मुदत आधी ५ एप्रिल २०२३ होती, मग ३१ जुलै झाली, मग ५ एप्रिल २०२५. काकूंचा कागद माझ्या हाती आला तेव्हा पुरते तीन महिनेही उरले नव्हते.

जावयाचा तक्ता

जावई आयटीतला, हुशार आणि कामसू. सासूबाईंना कमीपणा वाटू नये म्हणून त्याने आधीच एक तक्ता करून ठेवला होता. २००६-०७ ते २०१२-१३ ही सात वर्षं रिकामी. पुढची सहा भरलेली. २०१९-२० ते २०२३-२४ ही पाच पुन्हा रिकामी. एकूण बारा रिकामी. क्लास थ्रीचा दर बहुतेक वर्षांना ८२४.२० पौंड, २०२०-२१ ला ७९५.६०, २०२१-२२ ला ८००.८० आणि २०२३-२४ ला ९०७.४०. बेरीज ९,९२१.६० पौंड.

"आई, एकदम भरून टाकू. सहाची अठरा होतील, आठवड्याला एकशे अठरा पौंड. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल." तो खोटं बोलत नव्हता. अठरा वर्षांचे ११८.४१ पौंड म्हणजे सालाचे सहा हजारांवर. कुठलीही बँक असा परतावा देणार नाही. पैसेही तो स्वतःच देणार होता.

काकूंना तेच नको होतं. "जावयाच्या पैशांनी पेन्शन घ्यायची म्हणजे जन्मभराची ओशाळगत," असं मला फोनवर म्हणाल्या. त्यांच्याजवळ भिशीचे साचवलेले चार हजारांच्या आसपास होते. त्यात काय होईल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मला तक्त्यात वेगळंच खटकलं. त्यात फक्त किंमत होती. ती वर्षं रिकामी का राहिली, हे कोणी काकूंना विचारलंच नव्हतं. ऐच्छिक हप्त्याच्या कामात मी हाच प्रश्न आधी विचारते आणि एक वही घेऊन बसते. माणसाच्या आयुष्यात त्या वर्षी काय चाललं होतं, ते साल धरून लिहीत जाते. पासपोर्टवरचे शिक्के, मुलांच्या शाळेचे दाखले, जुनी बँकेची पासबुकं, सगळं टेबलावर. काकूंच्या बाबतीत दोन दुपारी गेल्या, आणि त्यांतली पहिली अर्धी साताऱ्याच्या वाड्याच्या गोष्टींत गेली, ती मी मोजत नाही.

वही

काका-काकू १९९६ च्या सप्टेंबरात आले. काकांना इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी. मुलगी दोन वर्षांची. १९९९ च्या नोव्हेंबरात मुलगा झाला. २००० च्या शेवटी कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि २००१ च्या जानेवारीपासून चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, सुरू झालं.

इथे मी पेन थांबवलं. "काकू, ते पैसे कोणाच्या खात्यात यायचे?"

"यांच्या. माझं खातं कुठे होतं तेव्हा?"

फॉर्मही काकांनी स्वतःच्या नावाने भरलेला. काकूंना त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं, घरात पैसे येत होते. पण चाइल्ड बेनिफिटला एक शेपूट असतं. जो ते घेतो, त्याच्या पेन्शनच्या नोंदीत मूल सांभाळल्याची दखल घेतली जाते. १९७८ ते २०१० या काळात तिला होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन म्हणत. ती दखल काकांच्या नावावर जाऊन पडली होती. काकांची सगळी वर्षं पगारातूनच भरलेली, त्यांना ती दखल काही उपयोगाची नव्हती. ज्या बाईने मुलं सांभाळली तिचं खातं कोरं.

सुदैवाने हे उलटवता येतं. जोडीदाराच्या नावावर चाइल्ड बेनिफिट असेल, दोघं एकत्र राहत असतील, मूल सोळाच्या आतलं असेल आणि त्या जोडीदाराला त्या वर्षांसाठी या दखलीची गरज नसेल, तर ती दुसऱ्याच्या नावावर करून मागता येते. फॉर्मचं नाव सीएफ ४११. पूर्ण टॅक्स वर्षंच धरतात, म्हणून २०००-०१ गेलं, पण २००१-०२ ते २००९-१० अशी नऊ वर्षं निघाली. फुकट. त्यांतली शेवटची चार जावयाच्या तक्त्यात ३,२९६.८० पौंडांना होती.

काका शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, "मला कोणी सांगितलं नाही," म्हणाले आणि पुन्हा वर केला. मलाही वाटतं की त्यांना खरंच कोणी सांगितलं नसावं. परदेशातून आलेल्या त्या पिढीच्या कितीतरी घरांत पहिला फॉर्म पुरुषानेच भरला, कारण पत्ता, पगार, बँक, सगळं त्याच्याच नावावर होतं. तुमच्याही घरी असं झालं असेल, तर वाचता वाचता आईला फोन करून विचारा.

पुढची तीन वर्षं, २०१०-११ ते २०१२-१३. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, काकू साताऱ्याला जाऊन-येऊन होत्या. इथे नोकरी नाही, धंदा नाही, आणि होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शनची दखल २०१० लाच संपलेली. या तीन वर्षांना फुकटचं काही लागू होईना. मी समोर फुली मारली: विकत.

२०१३ पासून काकूंनी घरून डबे आणि सणासुदीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ, कोणाकडे मुंज असली की मोदक. रीतसर स्वयंरोजगाराची नोंदणी केली, क्लास टू भरला. फोरकास्टमधली सहा वर्षं ती हीच, २०१३-१४ ते २०१८-१९.

मग २०१९-२० ला काय झालं? गुडघा दुखायला लागला, ऑर्डरी कमी घेतल्या. त्या वर्षी नफा ६,३६५ पौंडांच्या आत असेल तर क्लास टू भरणं सक्तीचं नव्हतं. रिटर्न भरून देणाऱ्या माणसाने हसत हसत "तुमचे दीडशे वाचवले" असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी कोविड, ऑर्डरी जवळपास बंद, पुन्हा तेच. मार्च २०२१ मध्ये धंदा बंद केला. असे दीडशे वाचवल्यामुळे पेन्शन बुडालेले स्वयंरोजगारी मी निदान सातआठ पाहिलेत. शिंपी, टॅक्सीवाले, तबल्याचे क्लास घेणारे. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ सगळे लावतात.

जावयाच्या तक्त्यात ही दोन वर्षं क्लास थ्रीने धरली होती, मिळून १,६१९.८० पौंड. पण ज्या वर्षी माणूस स्वयंरोजगारी म्हणून नोंदलेला होता, त्या वर्षाला क्लास टू ऐच्छिक भरता येतो, आणि तो आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास. दोन वर्षांचे मिळून सव्वातीनशेच्या आसपास. वर्ष तेच, पेन्शनमधली वाढ तीच, किंमत पाचवा हिस्सा.

नात

जून २०२१ मध्ये मुलीला मुलगी झाली. मार्च २०२२ मध्ये मुलगी कामावर परतली, आणि तेव्हापासून आठवड्याचे चार दिवस नात आजीकडे. पाळणाघराचा खर्च लंडनमध्ये काय असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको, आणि तिकडच्या वाचकांचा विश्वास बसणार नाही.

आपल्याकडे आजीने नात सांभाळली तर त्यात नोंदवण्यासारखं काही आहे असं कोणाच्या डोक्यात येत नाही. इथल्या कायद्याला मात्र ते येतं. एप्रिल २०११ पासून अशी सोय आहे, की बारा वर्षांच्या आतलं मूल आजी, आजोबा किंवा जवळचा नातेवाईक सांभाळत असेल आणि आईवडिलांपैकी जो चाइल्ड बेनिफिटवर आहे तो नोकरीमुळे स्वतःचं वर्ष भरतच असेल, तर त्याला मिळणारं क्रेडिट सांभाळणाऱ्याच्या नावावर करता येतं. स्पेसिफाइड अ‍ॅडल्ट चाइल्डकेअर क्रेडिट असं त्याचं लांबलचक नाव. सांभाळणारा ब्रिटनमध्ये राहणारा आणि पेन्शनच्या वयाच्या आतला हवा. चाइल्ड बेनिफिटच्या एका अर्जामागे एकालाच मिळतं. मागच्या वर्षांसाठीही मागता येतं.

अडचण एकच आली आणि ती मोठी होती. यासाठी मुलीने चाइल्ड बेनिफिटचा अर्ज केलेला हवा. मुलगी आणि जावई दोघांचे पगार चांगले. पगार ठरावीक मर्यादेवर गेला की चाइल्ड बेनिफिट टॅक्समधून परत घेतात, म्हणून बरीच जोडपी अर्जच करत नाहीत. अर्ज नाही तर मुलीच्या नावावर क्रेडिट नाही, आणि मुलीच्या नावावर नाही तर आजीच्या नावावर येणार कुठून?

रविवारी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही पैसे घेत नाही गं, मावशी." मी म्हटलं, पैशांचं सोड, अर्ज केला होतास का? पाच मिनिटं शोधाशोध. केला होता. फॉर्ममध्ये 'नोंद हवी, पैसे नकोत' असा पर्याय असतो, तो निवडला होता. प्रसूतीच्या वेळी एका मैत्रिणीने आग्रह केला म्हणून. त्या मैत्रिणीला काकू आता दर दिवाळीला चकल्या पाठवतात.

तर २०२२-२३ आणि २०२३-२४ ही दोन वर्षं फुकट आली. २०२४-२५ हेही येणार होतं. काकूंना ऑगस्ट २०२५ मध्ये ६६ होणार असल्याने मोजलं जाणारं ते शेवटचं वर्ष. पण त्याचा अर्ज वर्ष संपल्यावर पुढच्या ३१ ऑक्टोबरपासूनच करता येतो, त्यामुळे ते पेन्शन सुरू झाल्यावर जोडलं जाणार. राहिलं २०२१-२२. त्या वर्षी धंदा नव्हता आणि मुलगी जवळजवळ वर्षभर घरीच होती. तेही विकत, ८००.८० पौंडांना.

वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज केली. आधीची सहा, काकांकडून नऊ, नातीकडून तीन: अठरा. जावयाच्या तक्त्यात ९,९२१ पौंड भरून जितकी वर्षं होत होती तितकीच, पैसे न भरता. मग क्लास टूची दोन, सव्वातीनशेच्या आसपास: वीस. मग क्लास थ्रीची चार, ३,२७३.४० पौंडांना: चोवीस. चोवीस वर्षांचे आठवड्याला १५७.८९ पौंड, सालाचे ८,२१० च्या घरात. एकूण खर्च तीन हजार सहाशेच्या आसपास. भिशीत बसलं.

चार विकतची घ्यावीत का

क्लास टूच्या दोन वर्षांबद्दल विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती सहा महिन्यांत वसूल होतात. क्लास थ्रीच्या चारांबद्दल मात्र मी काकूंना हो म्हणायची घाई केली नाही. ८२४ पौंड देऊन सालाचे ३४२ मिळतात, म्हणजे वसुलीला सुमारे २९ महिने. त्याआधी माणूस गेला तर पैसे गेले. नव्या पेन्शनमध्ये एकाची वर्षं साधारणपणे दुसऱ्याला वारशाने मिळत नाहीत. काकूंना मधुमेह आहे. हे त्यांच्यासमोर बोलणं अवघड होतं, पण त्यांनीच सोपं केलं. "आई ब्याण्णवला गेली, मावशी एकोणनव्वदला. आमच्याकडे बायका लवकर जात नाहीत, कंटाळून जातात."

दुसरी तपासणी पेन्शन क्रेडिटची. ज्यांचं उत्पन्न अगदी कमी असतं त्यांना सरकार वरची भर घालून ठरावीक रकमेपर्यंत नेतं. २०२५-२६ मध्ये एकट्यासाठी आठवड्याला २२७.१० आणि जोडप्यासाठी ३४६.६० पौंड. तुम्ही या भरीवर असाल तर स्वतःचं पेन्शन वाढवून उपयोग नसतो. इकडे सहा पौंड वाढले की तिकडून सहा पौंड कमी होतात, आणि हप्त्याचे पैसे फुकट जातात. काका-काकूंना हे लागू नव्हतं. काकांचं स्टेट पेन्शन आणि इस्पितळाचं पेन्शन मिळून ते त्या रेषेच्या बरेच वर. टॅक्सचाही प्रश्न नव्हता. काकूंचं उत्पन्न १२,५७० पौंडांच्या सवलतीच्या खूपच आत राहतं.

तिसरी गोष्ट सांगितली तेव्हा मात्र दोघंही गप्प झाले.

काकांच्या मनात सगळं आवरून साताऱ्याला जायचं होतं. घर विकायचं, सज्जनगडाच्या वाटेवर एक छोटा बंगला बघून ठेवलेला. ब्रिटनचं स्टेट पेन्शन भारतात मिळतं, पण गोठतं. तिकडे कायमचं राहायला गेलात की ज्या दराने सुरू झालं त्याच दरावर राहतं, दर एप्रिलची वाढ मिळत नाही. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहिलात तर वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नाही. कोणत्या देशाशी जुना करार आहे यावर हे अवलंबून आहे. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन यांनी हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं. २०१० मध्ये निकाल विरुद्ध गेला.

गोठणं म्हणजे काय हे आकड्यात सांगते. सन २००० मध्ये जुनं मूळ पेन्शन पूर्ण दराने घेऊन जो भारतात गेला, त्याला तेव्हा आठवड्याला ६७.५० पौंड मिळत होते. आजही तेच मिळतात. इथे राहिलेल्याला त्याच पेन्शनचे २०२५-२६ मध्ये १७६.४५ मिळतात. काकूंच्या १५७.८९ चं, वाढ सालाला फक्त अडीच टक्के धरली, तरी दहा वर्षांत २०२ होतील. साताऱ्यात ते १५७.८९ च राहतील. वसुलीचे २९ महिने दोन्हीकडे तेवढेच, म्हणून विकत घेणं दोन्हीकडे फायद्याचंच. पण काकांच्या डोक्यात बंगल्याचा जो महिन्याचा हिशेब होता, त्यात दर वर्षीची वाढ धरलेली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या पेन्शनवरही मिळणार नव्हती. त्या दुपारी बंगल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

भरणा

मार्चमध्ये काकूंनी चार क्लास थ्री आणि दोन क्लास टू भरले. पेन्शनच्या वयाच्या आत असलेल्यांनी आधी फ्युचर पेन्शन सेंटर या सरकारी कार्यालयाला विचारून घ्यायचं असतं, की या वर्षाने रक्कम खरोखर वाढते का. मग भरण्यासाठी अठरा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तो आणि कोणत्या वर्षासाठी भरतो आहोत, हे दोन्ही नीट गेलं पाहिजे. आकडा चुकला तर पैसे पोचतात पण वर्षाला लागत नाहीत, आणि मग कोणाच्या मागे लागायचं ते कळत नाही. काकूंनी तो क्रमांक तीनदा मोठ्याने वाचायला लावला.

एक धाकधूक होती. काकांकडून यायच्या नऊ वर्षांचा निकाल ५ एप्रिलच्या आत येणं शक्य नव्हतं, आणि तो अर्ज फेटाळला गेला तर २००६ ते २०१० ची चार वर्षं विकत घ्यायची दारंही बंद झालेली असणार. तेव्हा सरकारने एक सोय ठेवली होती: मुदतीच्या आत 'मला फोन करा' अशी ऑनलाइन विनंती नोंदवली, तर नंतरही भरू देणार. ती विनंती आम्ही मार्चअखेर नोंदवून ठेवली. निकाल अगदी वाईट लागला असता तरी पंधरा वर्षं होत होती, म्हणजे दहाचा उंबरठा ओलांडलेला होता, आठवड्याला ९८.६८ पौंड. त्यामुळे झोप लागत होती. जूनमध्ये पत्र आलं, नऊच्या नऊ वर्षं मंजूर. पत्र काकांनी उघडलं आणि काकूंच्या हातात दिलं.

हा हिशेब जसाच्या तसा उचलू नका

काकूंचं गणित सरळ होतं, कारण २०१६ च्या आधी त्यांनी नोकरी केलेली नव्हती. ज्यांनी इस्पितळ, शाळा, कौन्सिल अशा ठिकाणी नोकरी केली आणि तिथल्या पेन्शन योजनेमुळे कमी एनआय भरला, त्यांचं गणित असं सरळ नसतं. २०१६ पर्यंतच्या वर्षांचा हिशेब सगळ्यांचाच जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी करून जास्त येईल ती रक्कम धरतात. ज्याची २०१६ पर्यंतच तीस वर्षं भरली होती, त्याने त्याआधीचं जुनं वर्ष विकत घेतलं तर बहुधा काहीच वाढत नाही, नंतरचं घेतलं तर वाढू शकतं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी कोणाचं तरी ऐकून दोन जुनी वर्षं भरली, पेन्शन होतं तिथेच राहिलं. आधी फोन करून विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

आणि ५ एप्रिल २०२५ नंतर २००६ पर्यंत मागे जाता येत नाही, पुन्हा मागची सहाच वर्षं. काकूंनी भरलेली २०१० ते २०१३ ही वर्षं आज कोणी भरू म्हणेल तर जमणार नाही. काकूंना मिळालेली क्रेडिटं मात्र या मुदतीत अडकलेली नाहीत. सीएफ ४११ आजही चालतो.

पुण्या-बंगळुरूहून मला फोन येतात ते वेगळ्या मंडळींचे. चार-पाच वर्षं लंडनला काम करून परत गेलेले आयटीवाले. त्यांच्यातले बरेच जण तिकडे बसून क्लास टूच्या स्वस्त दराने वर्षं भरत होते, आठवड्याला साडेतीन पौंड. ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातून क्लास टू बंद. राहिला क्लास थ्री, आणि नव्याने भरायला सुरुवात करणाऱ्याला त्याआधी ब्रिटनमध्ये दहा वर्षं राहिल्याची किंवा हप्ते भरल्याची अट. नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्या पाच वर्षंवाल्यांसाठी ही वाट संपली, असंच मी त्यांना सांगते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

स्टेट पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावं लागतं. पत्र येतं, त्यातला संकेतांक घेऊन अर्ज करायचा. काकूंनी तो स्वतः भरला, जावई शेजारी बसून होता पण कीबोर्डला हात लावू दिला नाही. पैसे दर चार आठवड्यांनी मागाहून जमा होतात. तेवीस वर्षांच्या हिशेबाने चार आठवड्यांचे ६०५ पौंड. खातं काकूंच्या एकटीच्या नावावर आहे. मी न विचारताच त्यांनी ते सांगितलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मायलेकींनी २०२४-२५ चा फॉर्म भरला. मुलाशी तुमचं नातं काय, असा त्यात एक रकाना आहे. चार वर्षांची नात मांडीवर बसून विचारत होती की कागदावर तिचं नाव का लिहिताय. काकूंनी तिला सांगितलं, "तुझ्यामुळे मला पगार मिळतोय." चोविसावं वर्ष जमा झाल्याचं पत्र मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही.